फाडले की फोडले

नाबरबाई गेल्या तेव्हा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक सभा घेतली आणि त्यांच्याबद्दल पुष्कळ गोड बोलून घेतलं. एक म्हणाला, बाई म्हणजे माऊली. दुसरीने त्यांना फणसाची उपमा दिली, वरून काटे आणि आत गरे. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मलाही बोलायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. सहा वर्षं मी स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. माऊलीपणा मला कधी दिसला नाही आणि गरेही दिसले नाहीत. नाबरबाई आतून-बाहेरून एकसारख्याच होत्या. तुसड्या, फटकळ आणि बहुतेक वेळा बरोबर. ही शेवटची गोष्ट जिवंत माणसात कोणाला सहन होत नाही, म्हणून ते माणूस मेलं की त्याची माऊली करून टाकतात.

मला त्या आवडत नव्हत्या हे आधीच सांगते. त्यांना मी आवडत नव्हते हे पुढे येईलच.

आमची शाळा मुलुंडला, पूर्वेला. तीन मजली इमारत, मागे पत्र्याची शेड, आणि वर्गात साठ-साठ मुलं. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. भांडुप-मुलुंडच्या बैठ्या चाळींतून येणारी मुलं बहुतेक कोकणातली होती. त्यांचे वडील गिरणीत होते, आणि संपानंतर कुठेच नव्हते. उरलेली मुलं बँकवाल्यांची, ऑफिसवाल्यांची. नाबरबाई दोघांनाही सारख्याच तुच्छतेने वागवायच्या. एवढी समता मी नंतर कुठल्याही शाळेत पाहिली नाही.

मी पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बी.एड. नुकतंच झालेलं. ओळख करून द्यावी म्हणून म्हटलं, "मी शुभा. आजपासून इथे मराठीला रुजले आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावरून एका उंच, सडपातळ, खळ घातलेल्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी वर पाहिलं. त्यांना चष्मा नव्हता, त्यामुळे नजरेतला तिटकारा मध्ये कशाला न अडखळता थेट पोचला.

"रुजू झालीस," त्या म्हणाल्या. "रुजायला वेळ लागतो. काही जण निवृत्त होतात तरी रुजत नाहीत." आणि शेजारी बसलेल्या भूगोलाच्या सरांकडे बघून पुन्हा वह्या तपासायला लागल्या. भूगोलाचे सर हसले. ते आपल्याला उद्देशून होतं हे त्यांना दुपारी कळलं असावं, कारण दुपारनंतर ते हसले नाहीत.

बाईंचा सगळा जीव क्रियापदात होता. नामं कोणीही पाठ करतं, विशेषणं तर कोणीही उधळतं, असं त्यांचं म्हणणं. माणसाची अक्कल क्रियापदात कळते, कारण तिथे त्याला सांगावं लागतं की नक्की काय झालं. आणि दिसायला सारखी असणारी क्रियापदं म्हणजे त्यांच्या मते आळशी माणसांना पकडण्यासाठी लावलेले सापळेच. वह्या तपासताना त्या दुरंगी पेन्सिल वापरायच्या. लाल टोक साध्या चुकांना. निळं टोक फक्त चुकीच्या क्रियापदाला. निळी रेघ आली की मूल रडकुंडीला यायचं, कारण मग त्याला फळ्यापाशी जावं लागे.

फळ्याच्या एका टोकाला बाई लिहायच्या 'वटणे', दुसऱ्या टोकाला 'वठणे'. मुलीला मधोमध उभी करायच्या.

"चेक."

मुलगी 'वटणे'कडे चालत जायची.

"झाड वाळलं."

मुलगी 'वठणे'कडे.

"नाटकातली भूमिका छान झाली."

इथे मुलगी थांबायची. छान झालेली भूमिका आणि वाळलेलं झाड एकाच ठिकाणी कसं, हे तिला समजत नसे. ती हळूहळू चेकच्या दिशेने सरकायची आणि बाई थंडपणे म्हणायच्या, "जा, जा. भूमिका घेऊन बँकेत जा. बघू किती मिळतात."

वर्ग हसायचा. मुलगी लाल व्हायची. मला हा प्रकार अत्यंत दुष्ट वाटायचा आणि अजूनही वाटतो. पण आमच्या शाळेतून बाहेर पडलेलं कोणीही आजतागायत या दोन क्रियापदांत चुकत नाही, हेही खरं.

'क्रियापद एकटं बघायचं नाही. ते कोणाबरोबर हिंडतंय ते बघायचं.' हे त्यांचं एक वाक्य मुलं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

मोठ्यांनाही सुटका नव्हती. हेडसरांनी एकदा सूचनाफलकावर लावलं, 'विद्यार्थिनींनी दोन वेण्या बाधून याव्यात.' अनुस्वार राहिला होता. मधल्या सुट्टीपर्यंत त्याखाली निळ्या पेन्सिलीने एकच शब्द उमटला होता: 'कोणाला?' हेडसर तसे भले दिसणारे गृहस्थ. भले दिसण्यावरच त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. त्यांनी फलक काढून घेतला आणि नवीन लावला. त्यात त्यांनी वेण्या घालूनच यायला सांगितलं.

संस्थेच्या अध्यक्षांचं प्रकरण जास्त गाजलं. अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली, त्यामुळे तिच्यावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे अशी त्यांची समजूत, आणि ती समजूत दूर करायला कोणी पुढे आलं नव्हतं. शाळेच्या वार्षिक अंकात त्यांचं मनोगत असायचं. एका वर्षी त्यांनी लिहून पाठवलं: 'या संस्थेसाठी मी आजवर खूप काही शोषले आहे.' अंकाची मुद्रितं नाबरबाई तपासायच्या. अंकात बाकी एकही चूक नव्हती. 'शोषले' तसंच छापून आलं.

हेडसर हातात अंक घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा घामाने भरलेला. "बाई, हे 'सोसले' पाहिजे ना हो?"

"मी मुद्रितं तपासते, सर," बाई म्हणाल्या. "चुका दुरुस्त करते. तिथे मला चूक दिसली नाही."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. त्यांच्या डब्यात रोज दोन फुलके आणि काकडीची कोशिंबीर असायची. ती त्या एकट्या, खिडकीकडे तोंड करून खायच्या. त्या दिवशीही तशीच खाल्ली. आम्ही बाकीचे दिवसभर कोपऱ्याकोपऱ्यात फिदीफिदी हसत होतो आणि अध्यक्ष जिन्यावर दिसले की गंभीर होत होतो. आमची लायकी तेवढीच होती.

बाईंचं आणि शिपाई परबांचं रोजचं भांडण होतं. परब मालवणकडचे, पंचेचाळिशीचे. वीस वर्षं लोअर परळच्या एका गिरणीत काढलेले. संपात गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही आणि ते आमच्याकडे शिपाई म्हणून लागले. मजुरी करणारा माणूस स्टाफरूममध्ये चहा देताना अवघडतो तसे अवघडायचे, पण बाईंपुढे नाही.

"परब, हे पाणी उकळलंय की नुसतंच उकललंय?"

"पाणी उकाळलंय, चाय उकाळली, बाई. तुमचां मन उकळणा नाय, तेका मी काय करू?"

बाई त्यांना कधी ओरडल्या नाहीत. तो चहा मात्र रोज अर्धा ठेवायच्या. परब रोज तो अर्धा कप बघून मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तसाच चहा करायचे. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की या दोघांचं मुळीच पटत नाही. हेडसरांनाही तसंच वाटत होतं, आणि पुढे त्यांनी त्यावरच भरवसा ठेवला.

त्याआधी आठवीच्या वर्गातला एक प्रसंग सांगायला हवा. त्या दिवशी मी त्यांच्या तासाला मागे बसले होते, नवीन शिक्षिकेने ज्येष्ठांचे तास बघावेत म्हणून. निबंध होता 'माझे वडील'. बाईंनी एका मुलीला उभं केलं. तिच्या वहीत निळी रेघ होती.

"वाच तुझं वाक्य."

मुलीने वाचलं, "संपात माझे बाबा हरवले."

"हरले की हरवले? संपात माणूस हरतो. हरवते ती छत्री."

वर्ग हसला. मुलगी हसली नाही. म्हणाली, "हरवले, बाई. संप झाल्यावर एक दिवस कामाला बघून येतो म्हणून गेले. घरी आले नाहीत."

मी बाईंकडे पाहिलं. आता तरी या पुढे जातील, तिच्या पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटलं. त्या हलल्या नाहीत. त्यांनी वही मागितली. स्वतःची निळी रेघ लाल पेन्सिलीने खोडली, समासात सही केली आणि वही परत दिली.

"तू बरोबर लिहिलंयस. माझी खूण चुकली. बस."

आणि पुढच्या वहीकडे वळल्या. बाहेर आल्यावर मी संतापून म्हटलं, "बाई, त्या मुलीला काहीतरी बोलायला हवं होतं तुम्ही."

"काय बोलायला हवं होतं?"

मी वर्गाच्या दाराकडे बघितलं.

"तिने जे झालं ते नेमकं सांगितलं आणि मी ते खोटं पाडत होते," बाई म्हणाल्या. "ते थांबवलं. आता तू जा आणि तिला कुरवाळ, तुला येत असेल तर." मी गेले नाही. मलाही येत नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी दहावीची पूर्वपरीक्षा होती. तेव्हा असे पेपर शाळेतच निघत. स्टेन्सिल कापायची, जिन्याखालच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं त्यावर चढवायची आणि हँडल फिरवायचं. हँडल परब फिरवायचे. शाई फुटलेले, तिरके छापलेले पेपर बाजूला काढून फाडून टाकायचे असा हेडसरांचा हुकूम होता.

बीजगणिताच्या पेपरच्या आठ दिवस आधी एक पालक हेडसरांकडे आले. बँकेत कामाला असलेले, शांत गृहस्थ. क्लासात 'हेच प्रश्न येणार' म्हणून सांगितल्याची तक्रार करत त्यांनी मुलाची क्लासची वही टेबलावर ठेवली. वहीत आमच्या पेपरातले सगळे प्रश्न सोडवलेले होते, अगदी स्टेन्सिलवर चुकून पडलेल्या आकड्यासकट. क्लास पश्चिमेला होता आणि तो अध्यक्षांचा पुतण्या चालवत होता. हा पुतण्या आमच्याच शाळेत बीजगणित शिकवायचा. पेपरही त्यानेच काढला होता. म्हणजे पेपर कुठून कुठे गेला हे समजायला बीजगणितही लागत नव्हतं.

पण चौकशी परबांची झाली.

हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून जबाब मी लिहून घ्यायचा. परब हात मागे बांधून उभे होते.

"परब, खराब निघालेल्या पेपरांचं काय केलंस?"

"फाडलंय, सर. फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकलंय. तुम्हीच सांगितलात."

मी लिहिलं: 'खराब निघालेले पेपर मी फाडले व कचऱ्याच्या टोपलीत टाकले.' परबांनी ते न वाचताच खाली सही केली. त्यांना वाचता यायचं, पण समोर हेडसर बसलेले असताना आपण वाचत उभं राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशी समिती बसली. अध्यक्ष, हेडसर आणि नियमाप्रमाणे एक ज्येष्ठ शिक्षक म्हणून नाबरबाई. मी टिपण लिहायला. परब दारापाशी. हेडसरांनी जबाबाचा कागद टेबलाच्या मध्यावर सरकवला आणि दुःखी आवाजात वाचला, "'पेपर मी फोडले.' काय बोलायचं आता. माणसाने कबूलच केलंय."

मी कागद पाहिला. अक्षर माझं होतं. काना माझा होता. त्या कान्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ होती, ती माझी नव्हती. माझी शाई निळी आणि ती रेघ काळी. एवढीशी रेघ, डास बसावा तशी. ऑफिसात काळ्या शाईचं पेन फक्त हेडसरांच्या खिशाला असायचं आणि ते त्या क्षणीही तिथेच होतं. दारातून परब म्हणाले, "मी असां नाय सांगूक." अध्यक्षांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

"बाई, सही करा," अध्यक्ष म्हणाले. "मग त्याचं काय ते बघतो. पोलिसात देत नाही, एवढंच करू शकतो मी."

नाबरबाईंनी कागद उचलला. मी त्यांना हजारो वह्या वाचताना पाहिलं होतं, तसाच त्यांनी तो वाचला. मग म्हणाल्या, "मला एक समजत नाही. पेपर फोडायचा तर माणूस चांगला फोडेल. खराब निघालेला का फोडेल?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि फोडून कचऱ्याच्या टोपलीत का टाकेल? फोडलेला पेपर क्लासात नेतात."

"बाई, हा काही भाषेचा तास नाही," अध्यक्ष म्हणाले.

"भाषेचाच आहे. माणसाची नोकरी भाषेपायीच चालली आहे." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "शुभा, अक्षर तुझं. काना तुझा. मात्रा कोणाची?"

त्या वेळी मी प्रोबेशनवर होते. जूनमध्ये कायम व्हायचे होते. घरी वडील नुकतेच निवृत्त झालेले. ही सगळी कारणं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले आहे, म्हणून इथेही सांगते. हेडसर टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. परब बाहेर व्हरांड्याकडे. माझ्याकडे सौजन्य म्हणून न बघणारे त्या खोलीत एकटे परब होते.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"आठवत नाही की सांगवत नाही?" बाईंनी विचारलं. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "दोन वेगळी क्रियापदं आहेत."

बाईंनी आणखी क्षणभर वाट पाहिली आणि मग माझ्यावरून नजर काढली.

"परब, इकडे या. बसा खुर्चीवर."

परब बसले नाहीत, पण पुढे आले. बाईंनी टिपणाचा एक कोरा कागद माझ्या पुढ्यातून ओढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "काल काय सांगितलंत ते स्वतःच्या हाताने लिहा."

परबांनी वाकून लिहिलं. फार वेळ लागला. वीस वर्षं माग चालवलेला हात, प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं. 'मी पेपर फाडले.' बाईंनी तो कागद हेडसरांच्या पुढे ठेवला आणि त्यावर आपली दुरंगी पेन्सिल ठेवली.

"आता ह्याच्यावर मात्रा घालून दाखवा कोणीतरी. माझ्यासमोर."

पेन्सिल तशीच पडून राहिली. खाली मैदानात पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजत होती. अध्यक्ष उठले, म्हणाले, "उगाच वाढवू नका हो गोष्टी," आणि हे नेमकं कोणाला म्हणाले हे न सांगता निघून गेले. बाईंनी दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

"हे शाळेचे कागद आहेत, बाई," हेडसर कसंबसं म्हणाले.

"शिक्षण निरीक्षकांकडे मागायला जा. तिथे मिळतील, मला द्यावे लागले तर."

त्यांना द्यावे लागले नाहीत. दोन दिवसांत 'गैरसमज झाला होता' असं ठरलं. कोणाचा, ते ठरलं नाही. बीजगणिताचा नवा पेपर निघाला आणि परबांनीच हँडल फिरवलं. पुतण्याचा क्लास पुढच्या वर्षी मोठ्या जागेत गेला. मी जूनमध्ये कायम झाले. त्याच जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. ती ज्येष्ठतेने नाबरबाईंची होती, ती भूगोलाच्या सरांना मिळाली. बाईंचे दहावीचे वर्ग काढून त्यांना पाचवी दिली आणि ग्रंथालयाचे दोन तास. त्यांनी चकार शब्द काढला नाही. पाचवीच्या पोरी मात्र त्या वर्षी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून चालून दमल्या.

माझ्याशी त्या बोलायच्या. बोलणं बंद करणं वगैरे पोरकटपणा त्यांच्यात नव्हता. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला 'तू' म्हणणं सोडलं. "शुभाताई, तुम्ही आठवीचे पेपर तपासलेत का?" असं अगदी आदराने विचारायच्या. इतका आदर मला आयुष्यात कोणी दिलेला नाही. इतका अपमानही.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात अध्यक्षांनी मानपत्र दिलं, मखमली पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत छापलेलं. मुद्रितं कोणी तपासली नव्हती. तपासणारी एकच व्यक्ती शाळेत होती आणि मानपत्र तिचंच होतं. बाईंनी ते स्टेजवर उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. टाळ्या थांबल्या तरी त्या वाचतच होत्या. मग माइकपाशी आल्या.

"यात लिहिलंय की मी विद्यार्थ्यांसाठी आयुष्यभर झडले. झडतात ती पानं. झटले, असं हवंय. झटले की नाही ते तुम्ही ठरवा, पण शब्द तो हवा. दुरुस्त झालं की पाठवून द्या."

पुठ्ठा अध्यक्षांच्या हातात परत देऊन त्या खाली उतरल्या. कोणीही ते दुरुस्त केलं नाही. ऑफिसातल्या कपाटावर ते तसंच पडलेलं मी कित्येकदा पाहिलं. शेवटी एका रविवारी मी जाड कागद आणला, तो सगळा मजकूर माझ्या हाताने लिहिला, चूक दुरुस्त करून, आणि तो घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, लख्ख, कुठेही कोणाचाही फोटो नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मानपत्र खिडकीपाशी नेऊन ओळ न् ओळ वाचलं.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर छान आहे तुमचं. पहिल्यापासूनच."

मी ज्यासाठी आले होते ते बोलायचं होतं. चार वेळा मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते आलंच नाही. एवढंच म्हटलं, "बाई, तेव्हा माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वहीकडे बघावं तसं.

"चुकलं नाही तुमचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकवलंत."

मग त्यांनी चहा केला. चांगला झाला होता. मी तो पूर्ण प्यायले आणि निघाले. मानपत्र त्यांनी ठेवून घेतलं की टाकून दिलं, मला माहीत नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, परबांच्या मुलीच्या लग्नात. भांडुपला, समाजमंदिराच्या हॉलमध्ये. परबांनी शाळेतल्या सगळ्यांना पत्रिका दिली होती. हेडसर आले नव्हते. पुतण्या आला होता आणि मोठं पाकीट देऊन, सगळ्यांना दिसेल असं देऊन, लवकर गेला होता. मी जेवणाच्या टेबलांपाशी पोचले तेव्हा बाई एका कोपऱ्यात एकट्या जेवत होत्या. साडी तीच, पांढरी, खळीची. केस पार पिकले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, मान किंचित हलवली. पर्स उचलली नाही. मी पलीकडच्या टेबलावर जागा शोधली.

जेवण झाल्यावर त्या उठल्या तसे परब धावत आले. नवा सदरा, कपाळावर अक्षता. त्यांनी बाईंना रिक्षापर्यंत पोचवलं. मी हात धुवायच्या नळापाशी उभी होते, तिथून रस्ता दिसत होता. रिक्षात बसल्यावर बाई बाहेर वाकल्या आणि परबांना काहीतरी म्हणाल्या. दोन-तीनच शब्द असतील. परब ऐकून क्षणभर थांबले आणि मग हसायला लागले, पोट धरून, रस्त्याच्या मधोमध, मुलीचं लग्न आहे हे विसरून. बाईही हसत होत्या. मी त्यांना हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दात थोडे पुढे होते त्यांचे, सहा वर्षांत मला ते कळलं नव्हतं.

रिक्षा गेली. परब डोळे पुसत हॉलकडे परत आले. "जेवलात मां, बाई?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

त्या काय म्हणाल्या ते मी त्यांना विचारलं नाही.